विसरवाडीमार्गे एलियाहूची खुर्ची

नाताळला गावी ये, असं सरला मला तीस वर्षं म्हणत होती. डी.एड.च्या होस्टेलात आम्ही एका खोलीत राहायचो. ती नवापूर तालुक्यातली ख्रिस्ती, मी ठाण्याची बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणारी ज्यू. यंदा तिच्या वडिलांनी, आबांनी, स्वतः फोन केला. ऐंशी पार केलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? सुनेला सातवा महिना होता, तरी निघाले.

आधी धुळ्याची एसटी, तिथून नवापूरची. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे कंबरेबद्दल कुरकुरही निम्मीच केली. कोंडाईबारी घाटात गाडी ट्रकांच्या मागे रांगते, तेव्हा सकाळीच निघा आणि विसरवाडीला उतरून गरम भजी खा. फक्त खाताना कोणाला बोलू देऊ नका. न्यायला आलेल्या सरलाने नेमकं तेव्हाच सांगितलं, "उद्या चर्चमध्ये मसीहाची भविष्यवाणी तू मूळ हिब्रूत वाचणार. आबांनी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

भजं घशात अडकलं. "मला कुठे हिब्रू येतं?"

"तू ज्यू ना?"

"तू ख्रिस्ती ना? ग्रीक येतं तुला?"

आबा चाळीस वर्षं रनाळ्याला मास्तर होते, तिथली अहिराणी अजून त्यांच्या तोंडात. दर नाताळला ते चर्चमधल्या तरुण मंडळींना सांगतात, की दाविदाच्या घराण्यातला राजा येणार म्हणून आधी ज्यूंनी शेकडो वर्षं वाट पाहिली आणि 'ख्रिस्त' हा त्याच मसीहासाठी ग्रीक शब्द. मंडळी जांभया देतात. म्हणून यंदा त्यांनी थेट पुरावाच मागवला होता, आणि तो पुरावा भजी खात उभा होता. माझी फजिती झाली तर हसं आबांचं होणार होतं.

चर्च खच्चून भरलेलं. "हाई येशूना घरनी पाव्हनी शे!" येशू ज्यू होता, म्हणून आबांनी अशी ओळख करून दिली. पहिल्या रांगेतली एक आजी उठून थेट माझ्या पाया पडायला लागली. "अहो आजी, मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत गणित शिकवायचे," म्हटलं, पण ऐकतंय कोण!

आबांनी हिब्रूची प्रिंटआउट हातात दिली. ती उजवीकडून वाचायची, एवढंच मला ठाऊक. शेवटी कागद समोर धरला आणि माझ्या आजीने शिकवलेली प्रार्थना धडाधड म्हणून टाकली. एलियाहू नबी मसीहाच्या आधी येणार, अशी आमची श्रद्धा. त्याला हाक मारणारी ती प्रार्थना, तेवढीच मला तोंडपाठ. मंडळींनी एवढ्या जोरात "आमेन" म्हटलं, की मला घाम फुटला.

मांडवात आबांनी गाठलंच. "ती भविष्यवाणी नव्हती ना?"

"कसं कळलं?"

"चार येळा एलियाहू ऐकू उना. मास्तर शे मी, कॉपी वळखस."

मी मान खाली घालून माफी मागितली. सगळ्यांना खरं सांगू का, विचारलं.

"प्रार्थना वाट देखानीच व्हती ना? मंग चालस."

जीव भांड्यात पडला, आणि त्या भरात मी सांगून बसले, की आमच्याकडे मुलाच्या सुंतेला एलियाहूसाठी एक खुर्ची रिकामी ठेवतात.

"पन तो तं कव्हयच यी गया!" आबा उसळले. "बाप्तिस्मा देनारा योहान, तोच एलियाहू!"

"मग मसीहा येऊन जगातली भांडणं मिटली का, आबा?"

"म्हनीसन तं आमना परत येवाना शे."

पंगतीला खुर्च्या कमी पडल्या. कोंबडी आमच्या कोशर, म्हणजे खाण्याच्या, नियमांप्रमाणे कापलेली नव्हती, म्हणून मी डाळ-भात घेतला. नवापूरची तूरडाळ आहे, चुकवू नका. आबांनी एक खुर्ची ओढून माझ्याशेजारी ठेवली आणि खांद्यावरच्या रुमालाने पुसली. ताट घेऊन हिंडणारे चर्चचे पाळकसाहेब तिच्यावर टेकले.

"उठा! यास्ना पाव्हना येवाना शे."

पाळकसाहेब उभ्याने जेवले. मला आधी हसू आलं, मग रडू. ज्याच्या पुन्हा येण्यावर आबांचा विश्वासच नाही, त्याच्यासाठी त्यांनी जागा धरली होती.

परत येताना डाळ आणली, ती महिन्यात संपली. फेब्रुवारीत नातू झाला. आठव्या दिवशी सकाळी, सुंतेच्या गडबडीत, आबांचा फोन.

"खुर्ची मांडी का?"

"मांडली. पण तुमच्या मते तो येऊन गेलाय ना?"

"यी गयाच." मग थोडं खोकले. "तरी बी पुसीसन ठेव, माय."

मी ती आदल्या दिवशीच पुसली होती. पुन्हा पुसली.