चाळीस टक्क्यांवरचे दाजी

अख्ख्या लखनौत आमच्या दाजींइतका भित्रा माणूस सापडणार नाही, आणि सापडलाच तर त्याला दाजींनीच घाबरवून ठेवलेलं असेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. रेल्वेत इंजिनिअर होते, हयात गेली ब्रेक तपासण्यात. निवृत्त झाले तरी ऑफिसजवळ, मानक नगरातच घर करून राहिले. ब्रेकवरचा त्यांचा अविश्वास मात्र निवृत्त झाला नाही. अमीनाबादच्या बाजारात निघालं की सायकलरिक्षात बसण्याआधी म्हणणार, "भैया, पहले ब्रेक दिखाओ." एकदा त्यांनी ब्रेक तीनदा दाखवायला लावला, तेव्हा रिक्षावाला शांतपणे खाली उतरला आणि म्हणाला, "बाबूजी, आप ही चला लीजिए." दाजींनी त्यावर खरोखर विचार केला होता, असं ताई सांगते.

या भीतीपायीच त्यांची एकुलती एक लेक दुरावली. ती नोकरीसाठी परदेशात, एकटी. फोनवर दाजी नुसत्या सूचना द्यायचे: गॅस बंद केलास का, कडी लावलीस का, जिना उतरताना कठडा धरतेस का. पोरीनं फोन उचलणंच सोडलं. मग कुणास ठाऊक काय वाटलं, तिनंच त्यांना एका कॉम्प्युटरच्या खेळात ओढलं. अंतराळयान, ती कॅप्टन, तिचे दोन मित्र तोफांवर आणि आमचे दाजी यानाच्या अणुभट्टीवर. म्हणाली, "पापा, जितना डरना है, यहाँ डरिए." आठवड्यातून तेवढाच एक तास, रविवारी दुपारी, तिचा आवाज त्या घरात यायचा. तो तास आपल्या हातून जाईल, ही दाजींची सगळ्यात मोठी भीती.

म्हणून ते भट्टी अशी चालवायचे की विचारू नका. शेजारी नोंदवही, चष्म्याच्या दोन जोड्या. कॅप्टननं हुकूम दिला की तो मोठ्यानं परत म्हणायचा आणि तिनं होकार दिल्याशिवाय खटका हलवायचा नाही. रुळाचं काम चालू असलं की ड्रायव्हरला हळू जाण्याचा लेखी हुकूम देतात, त्याला कॉशन ऑर्डर म्हणतात. दाजींनी तसा हुकूम अख्ख्या अंतराळाला लावला होता. चाळीस टक्क्यांच्या वर भट्टी जायची नाही. त्यामुळे यान कधी फुटलं नाही आणि कुठे पोचलंही नाही.

एका रविवारी मी अमौसी विमानतळावरची ड्यूटी संपवून तिकडे गेलो, तर दाजींच्या कपाळावर घाम. यानावर मोठाले दगड चालून येत होते. "पापा, नब्बे दीजिए, जल्दी," लेक ओरडत होती. दाजींनी साठ दिले. तेवढ्यात लाल दिवा लागला, आणि या गृहस्थानं भट्टी पार विझवून टाकली.

"भट्टी सुरक्षित आहे," ते म्हणाले.

दगड बाजूनं निघून गेले, पण यानात काळोख झाला. हवेचं यंत्रही भट्टीवरच चालायचं. भट्टी पुन्हा पेटवायला वीस मिनिटं, हवा होती सात मिनिटांची. दोघं मित्र हसत हसत खेळ सोडून गेले. यानात उरली ती फक्त लेक. दाजींनी माइकवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आता नाही यायची रे ती." मला त्यांची फार दया आली.

मग अंधारातून तिचा आवाज आला. या पोरीला मराठी कळते, पण उत्तर देणार हिंदीत. त्या दिवशी अडखळत मराठीत बोलली. "बाबा, मला इथे घरी एकटीला भीती वाटते. कडी लावली तरी तीनदा उठून बघते. आईला सांगू नका."

दाजींकडे सूचनांचा साठा तयार होता. ओठ हललेही. पण म्हणाले, "मी पाचदा बघतो."

ती हसली, बहुधा थोडी रडलीही. मग दोघं बोलत राहिले, काळोखातल्या त्या यानात, खटके सोडून. ती लहान असताना तापानं फणफणली होती, तेव्हा आपण कसे रात्रभर तिच्या नाकाशी बोट धरून बसलो होतो, ते दाजी सांगू लागले. हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. पडद्यावर हवेचा आकडा उतरत होता; तो शून्यावर आला की खेळ बंद आणि तिचा आवाजही. सगळं खोटं आहे हे मला ठाऊक होतं, तरी शेवटचं मिनिट लागलं तसा मीच घाबरलो, कारण दाजींचं सांगून अजून अर्धंही झालं नव्हतं.