बॅटरी जास्तच टिकते

लिदिया पेत्रिवनाची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरीखोलीत गेली. अ‍ॅसिडनं भोकं पडलेला झगा घालून ती बॅटऱ्यांत पाणी भरायची, टर्मिनलं घासायची. पोल्ताव्हा शहरातल्या इतर बायका पोराबाळांच्या तब्येती सांगत, ही व्होल्टेज सांगायची. निवृत्त झाली तेव्हा वाटलं, सुटले बाई. मग लढाई आली, वीज जायला लागली, आणि बॅटरी तिच्या मागोमाग घरी येऊन थेट नवऱ्याच्या पलंगाखाली बसली.

नवऱ्याची, अर्कादीची, फुप्फुसं कामातून गेली होती. त्याचं ऑक्सिजनचं यंत्र वीज गेली की इन्व्हर्टरवर चालायचं. इंटरनेटचा राउटरही त्याच बॅटरीवर होता, कारण मुलगा झाखार आघाडीवर. आघाडीवरची पोरं लांबण लावत नाहीत, फोनवर नुसती अधिकची खूण धाडतात. प्लस. म्हणजे आहे, जिवंत आहे. हिवाळा लागला तेव्हापासून झाखारचा प्लस आला नव्हता. पलटणीनं कळवलं होतं, बेपत्ता.

लिदिया रडली नाही. तिला काही वाटतच नव्हतं. बोर्श, म्हणजे बिटाचं सूप, ढवळायचं, पाणी आणायचं, बॅटरी बघायची.

"अगं, एकदा रडून मोकळी हो," शेजारची तमारा म्हणायची.

"बघू, वीज आल्यावर," लिदिया म्हणायची. ही थट्टा की काय, ते तमाराला कळायचं नाही.

अशात बॅटरीत बिघाड झाला. बिघाड असा, की ती टिकायला लागली. संध्याकाळपर्यंत मान टाकायला हवी, तरी हिच्यात जीव शिल्लक. दुसरी कुणी खूश झाली असती. लिदिया मात्र पलंगाखाली शिरली. टर्मिनलं घासली, मीटर लावला, इन्व्हर्टरचा आकडा खोटं बोलतो का ते दिवा जोडून पाहिलं. सगळं ठाकठीक. पण म्हातारी बॅटरी काही तरुण होत नसते, तिनं जन्मभर तेच पाहिलं होतं.

"टिकते तर टिकू दे ना," अर्कादी म्हणाला. "चांगल्या गोष्टीतही तुला खोट दिसते."

वीज नसली की वरच्या मजल्यावर पाणी चढत नाही, त्यामुळे खालच्या हातपंपावर जावं लागे. त्या दिवशी ती कॅन घेऊन निघाली आणि टोपी विसरली म्हणून पहिल्याच वळणावरून परतली. घरात शांतता होती. यंत्राची घरघर नाही. अर्कादी उशीला टेकलेला, ओठ निळे, बोट बटणावर. राउटरचा हिरवा दिवा तेवढा लुकलुकत होता.

तिनं यंत्र चालू केलं. नळी नाकाला लावली.

"रोज बंद करतोस," ती म्हणाली. "मी खाली गेले की. आणि जिन्यात माझी पावलं वाजली की चालू."

"हे यंत्र बैलासारखं खातं, लीदा. बॅटरी बसली की राउटरही बसतो."

"निरोप कुठं जात नाही. वीज आली की मिळतो."

"मला मिळेल गं. पण त्याला तिकडं एकच टिक दिसेल ना? वाटेल, घरी कुणीच नाही."

लिदियाला या माणसाचा राग यायला हवा होता, दया तरी. काहीच आलं नाही. बोलली ते बाजारभाव सांगावा तशी.

"एकाचा प्लस येत नाही. तुझाही थांबला, तर मी पाणी कुणासाठी चढवू?"

ती टोपी घालून खाली गेली, कारण बोर्शला पाणी नव्हतंच.

परत चढताना ती प्रत्येक मजल्यावर थांबली. दमली म्हणून नव्हे. वर जाऊन काय ऐकू येईल, किंवा येणार नाही, याची भीती होती. दाराशी पोचली, किल्ली लावली, तेवढ्यात आतून अर्कादी ओरडला, "लीदा! प्लस!"

कॅन हातातून सुटला. पाणी उंबऱ्यावरून जिन्यात धावलं. ती बुटांसकट खोलीत घुसली. फोन कुठंय, म्हणाली, दे इकडे.

फोन टेबलावर पडला होता, पडदा काळा. यंत्र घरघरत होतं.

"माझा," अर्कादी धापा टाकत म्हणाला. "माझा प्लस गं. तूच म्हणालीस ना."

ती तिथंच खाली बसली, ओल्या बुटांनी, आणि हिवाळ्यापासून अडलेलं सगळं रडली. वीज अजून आली नव्हती.