शेठने शिकवलेली तटस्थता

माझ्याच वर्गात, माझ्याच खुर्चीत शेठ बसला होता आणि मी उभी होते. पाचवीची पोरं खाली बसून टकामका बघत होती. शेठ म्हणजे आमच्या भागातल्या चिकूच्या वाड्यांचा मालक, पक्षाचा तालुक्यातला मोठा माणूस. शेजारी आमचे केंद्रप्रमुख, हात बांधून. माझे साहेब ते, पण त्या दिवशी शेठचे गडी वाटत होते.

"तुझी आई आमच्या वाडीत चिकू तोडायची," शेठ म्हणाला. "आमचं खाऊन मोठी झालीस. आता आमच्याच विरोधात पोरांना भडकवतेस?"

आमचं खाऊन! आई उन्हातान्हात राबायची. फुकट काय दिलं होतंस रे? पण हे सगळं मनातच.

माझा गुन्हा काय? वर्गात वाढवणला होऊ घातलेल्या बंदराचा विषय निघाला होता, शेठच्या पक्षाला हवं असलेल्या. एका मुलीची आत्या तिकडे मासळी सुकवण्याच्या कामाला जाते. तिने विचारलं, "बाई, बंदर आला तं माझे आतेचा काय?" मी फळ्यावर मधोमध रेघ मारली. बंदर हवं म्हणणाऱ्यांची कारणं एकीकडे, नको म्हणणाऱ्यांची दुसरीकडे. पोरांनी सांगितली, मी लिहिली. माझं मत त्यांनी विचारलं, तरी सांगितलं नाही. याला म्हणे भडकवणं.

"मॅडम, शिक्षकाने तटस्थ राहायचं असतं," केंद्रप्रमुख म्हणाले.

"हो सर," म्हणाले मी. पोरांसमोर. शी! स्वतःचीच किळस आली.

पुढच्याच आठवड्यात त्याच सरांचा फोन. तलासरीला पक्षाची सभा आहे, मोठे नेते येणार आहेत, मुलींना लुगडी नेसवून तारपा नाचायला आणा. पक्षाची उपरणी तिकडेच मिळतील. मी म्हटलं, "सर, आणि तटस्थ राहायचं त्याचं काय?"

"अहो, हा सांस्कृतिक कार्यक्रम आहे!"

तरी गेले. मुलींना नाचायची हौस होती आणि तारपा, म्हणजे आमची भोपळ्याची लांब पुंगी, वाजवायला माझे मामाच होते. म्हटलं, उपरण्यांचं तिथे बघून घेऊ. सभेआधी मंडपात तालीम सुरू झाली. मामा मधे, मुली एकमेकींच्या कमरेत हात घालून त्यांच्याभोवती. तारपा वळेल तसं वळायचं. त्याच्याकडे पाठ करायची नाही, हे आमच्यात पोरं चालायला लागल्यापासून शिकतात.

शेठ स्टेजवरून ओरडला, "ए, नेते बसणार तिकडे पोरींची पाठ येतेय! त्या म्हाताऱ्याला मागे कोपऱ्यात उभा करा. पोरींनी तोंड इकडे ठेवायचं."

मामांनी तारपा तोंडापासून काढला. "आमी तारप्याला पाठ नाय करत, शेठ."

शेठ खदाखदा हसला. "अगं मास्तरीण, शिकव की तुझ्या लोकांना!" आणि खाली उतरून त्याने एक उपरणं उचललं, समोरच्या मुलीच्या गळ्यात टाकलं. तीच, आत्याचं विचारणारी. बिचारी दगडासारखी उभी राहिली. चिकूच्या वाडीत शेठसमोर उभी असलेली माझी आई अशीच दिसायची.

माझं डोकं सणकलं. मी ते उपरणं काढलं आणि त्याच्या हातात दिलं. "पोरी नाचणार नाहीत. मी तटस्थ आहे, शेठ."

"नोकरी करायचीय ना?"

"करायचीय. तुमची नाही."

मामांना आणि मुलींना घेऊन जीप धरली, पाड्यावर आले.

आता रोज निरोप येतात. माफी माग, नाहीतर लांब कुठेतरी बदली होईल. सर समजुतीच्या सुरात म्हणतात, "दोन शब्द बोलून टाका, मिटवून टाकू." त्यांचा तो गोड आवाज ऐकला की ओकारी येते. यांची तटस्थता म्हणजे आपण तोंड बंद ठेवायचं आणि यांच्यासमोर नाचायचं. थू!

माफी मागणार नाही. बदली करा. जिथे टाकाल तिथे वर्ग भरवीन. कुणाची बाजू घ्यायची हे मी एकाही पोराला सांगणार नाही, आणि तुम्हालाही वर्गात पाऊल टाकून ते सांगू देणार नाही. माझ्या खुर्चीत परत बसायला आलात, तर पोरांदेखत उठवीन.