एकही घाव नसलेले बटाटे

लेस्टरच्या शनिवारच्या बाजारात एक अफगाण शेतकरी बटाटे विकतो. मायदेशी भूसुरुंगात त्याचा एक पाय गेला. इथं एका संस्थेच्या छोट्याशा ग्रँटवर त्यानं जमिनीचा तुकडा कसायला घेतला. मी मुलखाची चोखंदळ, पण त्याच्या बटाट्यावर कुदळीचा घाव मला कधी सापडला नाही. शेवटी हार मानून विचारलं, "काढता तरी कसे हो?"

त्यानं बोटांनी हवेतच बाजूबाजूनं माती खरवडून दाखवली. "पाय गेल्यावर गावातले बाकीचे सुरुंग मी असेच काढले, बहेनजी. वरून घाव घालायचा नाही."

मग अकरालाच रिकामं झालेलं क्रेट उलटं करून, धातूचा पाय त्यावर ऐटीत ठेवत तो म्हणाला, "तिथं मातीखालून काय निघेल, नेम नसायचा. इथं दर वेळी बटाटाच निघतो!"