गुरुलिंग जॉबरचा कान

टॉवेलच्या कारखान्यात गुरुलिंग जॉबर होता. जॉबर म्हणजे मागांचा डॉक्टर. चोवीस माग एकदम खडखडत असताना कुठल्या मागाचा नट सैल झालाय, हे तो दारातूनच सांगायचा. या कानाचा त्याला भारी माज. त्यामुळं पहिलीतल्या त्याच्या लेकीच्या, आरोहीच्या, वर्गशिक्षिका इंद्रायणीबाई म्हणाल्या, "पोरीला ऐकायला कमी येतंय का, बघा जरा," तेव्हा त्याला तो स्वतःचाच अपमान वाटला.

"माझी पोरगी हाय, बाई. लक्ष नसंल."

पण डोक्यात भुंगा शिरलाच. घरी तो ओरडूनच बोलायचा. मागावरच्या माणसाला हळू बोलता येतंय कुठं? आणि आरोही बोलणाऱ्याच्या तोंडाकडं टक लावायची. संध्याकाळी तिच्या पाठीमागं उभं राहून त्यानं हळूच विचारलं, "आरोही, पेढा पायजे का?"

पोरगी ढिम्म. आतनं बायको, रत्नम्मा, म्हणाली, "मला द्या की!"

पेढ्याला न वळणारं पोर बघून गुरुलिंगनं गल्लीतल्या दवाखान्यातनं औषधाच्या बाटल्या आणल्या.

त्या संपल्या तरी फरक पडेना, म्हणून रत्नम्मानं लसणीचं कोमट तेल घातलं. शेवटी पोरीला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी आधी ते पुसलं, मग बत्ती लावून बघितलं. "सारखी सर्दी असते ना हिला? पडद्यामागं पाणी साचलंय. जुनं, चिकट."

"खळीसारखं?" सुताला ताठ करायला लावतात ती खळ, गुरुलिंगला दुसरी उपमा कुठली सुचणार!

"अगदी तसंच. त्यात जंतू थर धरून बसतात, थराखाली औषध पोचत नाही. म्हणून तुमच्या त्या औषधाच्या बाटल्या वाया गेल्या. आता तीन महिने थांबू. पुष्कळदा आपोआप निचरतं."

थांबू! बंद माग बघत तीन महिने बसणारा जॉबर कुणी ठेवला असता का? गुरुलिंगला घरात दम निघेना. आरोहीच्या पाठीमागं किल्ल्या वाजव, चमचा पाड, दाराआडून हाका मार. पोरगी जेवायला बसली की हा मागं हजर.

"अवो, पोरगी हाय का माग?" रत्नम्मा कावली. "सारखं काय ठोकून बघताय!"

कारखान्यातही तो मागासमोर उभा राहायचा आणि ऐकायचा भलतंच: चोवीस मागांत आपल्याला नट ऐकू येतो, मग घरातलं हे कसं नाही आलं?

तीन महिन्यांनी तपासणी झाली. खळ तिथंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडद्याला बारीक छेद द्यायचा, चिकटा ओढून घ्यायचा आणि हवा खेळायला छेदात इवलीशी नळी बसवायची.

"मागाला तेलाचं भोक असतंय, तसं?"

"तसं. फक्त यात तेल नाही घालायचं," बाई रत्नम्माकडं बघत म्हणाल्या.

दोन्ही कानांत नळ्या बसल्या. दुसऱ्या दिवशी आरोहीला स्कूटरवर पुढं उभी करून गुरुलिंग घरी निघाला. सात रस्ता चौकापर्यंत त्यानं चारदा तिच्या मागनं कुजबुजून बघितलं. ट्रकच्या हॉर्नपुढं त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं नाही, पोरीला काय येणार?

गल्लीत वळल्यावर आरोहीनं मान तिरकी केली. "अप्पा, गाडी थांबवा की."

"काय झालं? दुखतंय?"

"न्हाय. मागं कायतरी खडखडतंय."

गुरुलिंग उतरला. वाकून बघितलं. नंबरप्लेटचा नट सैल झाला होता. कधीपासून, देव जाणे.