बिघडलेला पवित्रा

माझं धनुष्य गोणपाटावर ठेवलं. बाकी सातजणींची पाटावर.

खंडेनवमीचा दिवस. बारामतीच्या आमच्या कॉलेजचं ग्राउंड सकाळीच झाडून काढलं व्हतं. झाडलं कुणी? आमी पोरींनीच. झाडायला मी चालत व्हते. मग धनुर्विद्या शिकवणाऱ्या सरांनी पाट मांडला, वर लाल कापड आंथरलं आन् आमची बांबूची धनुष्यं एकेक करून लावली. माझी पाळी आली तसं त्यांनी माझं धनुष्य उचललं, माझ्याकडं बघून गोड हसले.

"तुमच्यात पूजा करत नाहीत ना? मग तुझं बाजूला राहू दे. तुझ्याच धर्माचा मान राखतोय."

मान! नळापाशी पाय पुसायचं गोणपाट पडलं व्हतं. त्याच्यावर नेऊन ठेवला माझा मान.

नारळ फुटला. एकजण पाणी शिंपडायला लागली तसं सर वरडले, "तिकडं उडवू नकोस गं." खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांच्या हातात दिला, माझ्या वंजळीत वरनं टाकला. एक पोरगी फिदीफिदी हसली. आन् मी तो तुकडा खाल्ला. गुमान चावून चावून खाल्ला. थुकले असते तर आज सांगायला तरी बरं वाटलं असतं.

खरं सांगते, मला त्यांची पूजा नको व्हती. सातजणींच्या बरोबरीनं जागा पायजे व्हती.

आमी निरवांगीचे. इंदापूर तालुका. आज्यानं छप्पन सालानंतर दीक्षा घेतली, घरातले देव नीरेत सोडले. वडील बारामतीच्या एमआयडीसीत कामाला. मी एसटीच्या पासवर कॉलेजला. बाबासायबांच्या नावानं विद्यापीठाचा नामविस्तार नुकताच झाला व्हता. आमच्या वस्तीत साखर वाटली आन् माझ्या वर्गात तोंडं वाकडी झाली, असला तो काळ.

धनुष्य पहिल्यांदा हातात घेतलं तवा मला वाटलं, ही चीज माझी हाय. का वाटलं ते तवा कळत न्हवतं. पर सरांनी पहिल्याच दिवशी पवित्रा शिकवला. पवित्रा म्हंजी उभं ऱ्हायची पद्धत. गुडघे ताठ, छाती पुढं, धनुष्य एकदम सरळ, दोरी वढून हनुवटीला. सरांच्या गुरूची पद्धत म्हणं. तिच्यात काडीचा फरक चालायचा न्हाय. माझं अंग काही त्यात बसंना. गुडघे आपसूक वाकायचे, धनुष्य तिरकं व्हायचं, दोरी हनुवटी सोडून कानाखाली जायची.

"ए, पाणी शेंदतीस का काय?" सर सगळ्यांपुढं म्हणाले. "ही धनुर्विद्या आहे. तुमच्या वस्तीचा आड नाही."

हसून हसून पोरींनी पोटं धरली. मी बी हसले. आपल्यावर हसत्यात तवा आपण बी हसायचं, म्हंजी लवकर मिटतं, हे आमाला लहानपणीच कळतं.

मग त्यांनी माझ्या गुडघ्यामागं काठ्या बांधल्या, वाकू नयेत म्हणून. सहा महिने मी तशी उभी ऱ्हायले. बाण टार्गेटाच्या अलीकडं मातीत. रोज मातीत. सर म्हणायचे, "सवलतीवर ॲडमिशन मिळते. नेम मिळत नाही." आन् सगळ्यात वाईट काय, तर मला ते पटायचं. घरी येताना एसटीत मी मनात म्हणायचे, आपल्या रक्तातच न्हाय ही विद्या. एवढी मी येडी झाले व्हते.

तर त्या खंडेनवमीला संध्याकाळी मी धनुष्य घेऊन घरी आले आन् काय केलं? आईच्या डबीतलं कुंकू घेतलं. स्वयंपाकातली हळद घेतली. माझ्या धनुष्याला दोन बोटं वढली, फूल व्हायलं, हात जोडले. म्हटलं, त्यांनी न्हाय केली तर मी करते. अगदी त्यांच्यावाणी. लाज वाटती सांगायला, पर केलं.

आईनं बघितलं. आधी तिला कळंचना. कळलं तशी तिनं पदरानं खसाखसा कुंकू पुसलं.

"उद्या दसरा, आपला दिवस," ती म्हणाली. "ज्या दिशी बाबासायबांनी आपल्याला माणसात आणलं तो दिवस. आन् तू आज लाकडाला कुंकू लावतीस? ज्यांनी तुला पायपुसण्यावर ठिवलं, त्यांचीच नक्कल करतीस व्हय गं? तुज्या आज्यानं देव सोडलं ते ह्याच्यासाठी?"

मारलं असतं तर परवडलं असतं. मी रडत रडत सगळं सांगितलं. काठ्यांचं, सवलतीचं, खोबऱ्याचं. ती ऐकत ऱ्हायली.

दुसऱ्या दिशी सकाळी विहारातली वंदना झाली. आई पांढऱ्या लुगड्यातच म्हणाली, "चल माळावर. दाव मला काय करतीस ती."

कडब्याची पेंढी उभी केली. मी सरांच्या पवित्र्यात उभी ऱ्हायले, ताठ. बाण मातीत.

आई जरा येळ बघत ऱ्हायली. मग म्हणाली, "आगं, ह्ये कुणाचं अंग घालून उभी हाईस? पोहरा वढतीस तसं वढ की. हातानं न्हाय, कमरंतनं."

आता आडाचं सांगायला पायजे. नीरा नदी गावाला लागून, कालव्याचं पाणी उसाला, पर वस्तीचा आड माळावर, लय खोल. गावच्या विहिरीवर आमची बाई गेली की आजूनबी कुणाची तरी कळशी आधी बाजूला सरकायची. म्हणून आमी आडावर. दहाव्या वर्षापासनं मी पाणी शेंदलं. ताठ उभं ऱ्हाऊन पोहरा निघत न्हाय. गुडघे वाकवायचे, भार मागच्या पायावर, कोपर मागं, आन् पाठीनं वढायचं. पोहरा काठाला आला की एक हात सोडून तो धरावा लागतो. तेवढा येळ सगळं वजन एका हातावर आन् पाठीवर. श्वास आपोआप थांबतो. हात हलला की पाणी सांडलं.

मी गुडघे वाकवले. धनुष्य तिरकं होऊ दिलं. पहिला बाण पेंढीच्या वरनं गेला. दुसरा बी गेला. पाचवा घुसला. आई म्हणाली, "हां." बस, एवढंच.

तितनं पुढं चार महिने मी माळावर माझी मी शिकले. दोरी कानाखालच्या हाडाला टेकली की थांबायचं, हे हाडानंच सांगितलं. श्वास कुठं धरायचा, ते आडावर ठावं व्हतंच. ग्राउंडवर सरांपुढं ताठ, माळावर वाकून. दोन अंगं सांभाळत व्हते.

मग निवड चाचणी आली. राज्यस्पर्धा नागपूरला. तिघींच्या संघात नाव आलं तर जायचं-यायचं कॉलेजकडनं. आईनं जन्मात नागपूर बघितलं न्हवतं. ती म्हणाली, "दीक्षाभूमीवर माज्या वाटणीचं बी डोकं टेकून ये." मला नागपूर पायजे व्हतं. दुसरं काय बी नको व्हतं.

चाचणीला पुण्याहून एक परीक्षक आले व्हते. माझी पाळी आली. मी गुडघे वाकवले. मागनं सरांचा आवाज आला, "सरळ!" मी ऐकलं न्हाय. बाण सोडत गेले. आठहीजणींत सगळ्यात जास्त माझे बसले. परीक्षकांनी सोता मोजले, दोनदा. मग मला विचारलं, "कुणाकडं शिकलात?"

मी तोंड उघडायच्या आधी सर पुढं झाले. "माझीच विद्यार्थिनी. पवित्रा जरा बिघडलाय, करून घेतो नीट."

मला बाजूला घेऊन म्हणाले, "आजपासून माझ्या पवित्र्यात. स्पर्धेत आणि पेपरातल्या फोटोतही. तिथं माझं नाव आहे. असलं आडावरचं ध्यान चालणार नाही. कबूल असेल तर नाव राहील, नाहीतर कापतो."

व्हय म्हणायचं, नागपूरला जायचं, तितं काय ते बघायचं. हे डोक्यात आलं न्हाय असं न्हाय. लय जोरात आलं. आईचं तोंड डोळ्यापुढं आलं. पर सहा महिने बांधलेल्या काठ्या बी गुडघ्यामागं टोचल्या. नेम माझा, नाव ह्यांचं. आन् वर मी ह्यांच्यासारखी दिसायचं.

मी तितनंच परीक्षकांना ऐकू जाईल असं बोलले, "मी आईकडं शिकले. वस्तीच्या आडावर, पाणी शेंदताना. ह्यांनी माझ्या गुडघ्याला काठ्या बांधल्या." आन् सरांना म्हटलं, "कापा नाव."

परीक्षकांनी चष्मा पुसला. "हा तुमच्या कॉलेजचा अंतर्गत प्रश्न," म्हणाले आन् चहाला गेले. सरांनी माझ्या नावावर रेघ मारली, पुढं लिहिलं, बेशिस्त. माझ्या जागी नागपूरला चार नंबरची पोरगी गेली.

घरी सांगितलं. मला वाटलं, आई पाठीवर हात ठेवील, शाबास म्हणील. ती मटकन खाली बसली. "लय वाईट झालं," म्हणाली आन् रडली. नागपूर न बघताच ती वारली. ह्याची भरपाई मला कुणी देऊ शकत न्हाय, आन् दिली तर मी घेणार न्हाय.

मी ग्राउंड सोडलं न्हाय. दुसऱ्याच दिशी गेले. सर म्हणाले, "संघात नाहीस, इथं काय काम?" म्हटलं, "ग्राउंड कॉलेजचं हाय. मी बी कॉलेजची हाय." तीन वर्सं रोज, त्यांच्या डोळ्यांपुढं, गुडघे वाकवून.

परवा त्या सातजणींतली एकजण एसटी स्टँडवर भेटली. म्हणाली, "सर आता थकलेत गं. मोठ्या मनानं माफ कर, जाऊन भेट." मोठं मन! ते बी आमच्याकडनंच पायजे.

मी गेले न्हाय. जाणार न्हाय. ज्याला माझा नेम पायजे, त्यानं माझे वाकलेले गुडघे बी घ्यायचे. नेम ठेवून घ्यायचा आन् गुडघे सरळ करायचे, हा सौदा माझ्यापाशी व्हणार न्हाय. दीक्षाभूमी समोर धरली तरी न्हाय.