काच कुणाच्या हातून फुटते?

बहात्तरच्या दिवाळीनंतर पाथर्डीकडच्या आमच्या शाळेत नववीच्या मुलींवर अन्याय झाला. प्रयोग मुलांनी करायचे, मुलींनी मागून बघायचं. का, तर मुलींच्या हातून काच फुटते, असं हेडमास्तरांचं म्हणणं. मी नवा विज्ञानशिक्षक, वर्गातच त्यांच्याशी भांडलो. तेवढ्यात एक मुलगी उठली.

"सर, बांगड्या घालून आमी दुष्काळी कामावर खडी फोडतो. खडी फुटती, बांगडी न्हाई."

हेडमास्तरांना हसू आवरेना. त्यांनी प्रयोगाच्या सामानाच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली.

मुलींनी परीक्षानळीतल्या चुन्याच्या निवळीत पपईच्या पानाच्या पोकळ देठातून फुंकर मारली. निवळी दुधासारखी झाली.

"आता च्या ठिवा, सर," तीच मुलगी म्हणाली. वर्गभर हशा पिकला.

तुमच्या शाळेत मुली अजून मागेच उभ्या असतील, तर उद्याच त्यांच्या हातात परीक्षानळी द्या.